मदत हवी आहे: संगणक 'ग्रब रेस्क्यू'वर अडकलाय, डी ड्राइव्हमध्ये दिवाळी अंकाची पानं आहेत

अक्षरजुळणी (शनिवार, सकाळी ११.२०)

नमस्कार. गिरगावात घरूनच डीटीपीचं काम करते. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा संगणक आज सकाळपासून सुरूच होत नाहीये. काळ्या पडद्यावर 'एरर: अननोन फाइलसिस्टिम' असं येतं, त्याखाली 'एंटरिंग रेस्क्यू मोड', आणि मग 'ग्रब रेस्क्यू' लिहून पुढे रेघ लुकलुकत राहते. तीन वेळा बंद-चालू केला, दर वेळी हेच.

एकाच ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर दोन सिस्टिम आहेत. विंडोज ७ पानं जुळवायच्या पेजमेकरसाठी. माझ्या जुन्या अंकांचा सगळा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहे आणि त्याचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) याच मशीनवर चालतं, म्हणून ती सोडता येत नाही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट बंद झाले, तेव्हापासून ती नेटला जोडत नाही. मेल, पीडीएफ पाठवणं, सगळं उबुंटूवर (लिनक्सवर). चालू करताना मेनू येतो, त्यातून हवी ती निवडायची. चार वर्षं असंच चाललंय.

काल काय केलं ते सांगते. डी ड्राइव्ह भरत आला होता. शेजारचा ६० जीबीचा ई ड्राइव्ह वापरात नव्हता. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई काढून टाकला आणि ती जागा डी ला जोडली. काही तक्रार आली नाही. डी मोठा दिसायला लागला, त्यात पीडीएफ कॉपी केल्या, तासभर काम केलं आणि बंद करून झोपले.

सोमवारी लोअर परळच्या छापखान्यात ९६ पानं द्यायची आहेत. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप दहा दिवसांपूर्वीचा आहे. त्यानंतर दोन प्रुफांच्या दुरुस्त्या झाल्यात, लेखकांनी फोनवर सांगितलेल्या. त्या दुसरीकडे कुठेच नाहीत. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात फोन केला तर म्हणाले, घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डेटाची गॅरंटी नाही. नेऊ का? कृपया कोणी लवकर सांगा. मोबाइलवरून लिहितेय.

ठाणेकर (११.३१)

ताई, नेऊ नका. फॉरमॅट तर अजिबात नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची पानं जागच्या जागी आहेत असं मला वाटतं. फक्त ग्रबला, म्हणजे चालू करताना मेनू दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, स्वतःच्या फाइली सापडत नाहीयेत.

दोन गोष्टी आठवून सांगा. जागा जोडताना 'बेसिक डिस्कचं डायनॅमिक डिस्कमध्ये रूपांतर होईल' अशा अर्थाची पिवळ्या त्रिकोणाची खिडकी आली होती का, आणि तुम्ही त्यावर 'येस' केलंत का? हे फार महत्त्वाचं आहे. तसं झालं असेल तर रस्ता वेगळा आणि लांबचा आहे. दुसरं, डिस्कवर भाग कोणत्या क्रमाने होते? डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून उजवीकडे जसे दिसतात तसे.

बोरिवली_स्लो (११.३८)

विंडोज ७ ची डीव्हीडी असेल तर त्यातून बूट करून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर', मग कमांड प्रॉम्प्ट, आणि 'बूटरेक /फिक्सएमबीआर'. पाच मिनिटांचं काम. मी दोनदा केलंय.

अक्षरजुळणी (११.४६)

ठाणेकर दादा, तशी खिडकी आली नव्हती, याची खात्री आहे. डिस्कची पट्टी आधीसारखीच निळी-हिरवी होती. क्रम असा: १०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्ह्ड, मग सी, मग एका हिरव्या चौकटीच्या आत डी, ई, त्यापुढे उबुंटूचा भाग (विंडोजला नाव माहीत नसलेला) आणि शेवटी ४ जीबीचा एक छोटा.

बोरिवलीकर, डीव्हीडी नाही हो. मशीन घेतलं तेव्हाच मिळाली नव्हती.

ठाणेकर (१२.०२)

खिडकी आली नाही हे फार बरं झालं. आता सगळं जुळतंय. शांतपणे वाचा.

डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले पहिले ४४६ सुरू होण्याच्या कोडचे, पुढचे ६४ भागांच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ खुणेचे. ६४ बाइटांत १६-१६ च्या चारच नोंदी मावतात. म्हणून जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य भाग होतात. जास्त हवे असतील तर एक मोठी 'एक्स्टेंडेड' चौकट करून तिच्या आत 'लॉजिकल' भाग पाडायचे. तुमची हिरवी चौकट ती हीच. लिनक्स आणि ग्रब आतल्या भागांना ५ पासून नंबर देतात. म्हणजे तुमचा डी पाच, ई सहा, उबुंटू सात, आणि शेवटचा छोटा (तो स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली तर उबुंटू वापरतं ती जागा) आठ.

या आतल्या भागांचे नंबर कुठेही कायमचे लिहिलेले नसतात. प्रत्येकाच्या आधी एक छोटी नोंद असते आणि ती पुढच्याचा पत्ता सांगते. साखळी मोजत गेलं की नंबर ठरतो. तुम्ही गिरगावातल्या आहात म्हणून चाळीतला दाखला देतो. समजा पाच आणि सहा नंबरच्या खोल्यांमधली भिंत पाडून एक केली आणि मालकाने पुढच्या दारांवर नव्याने आकडे रंगवले. सातवाल्याचं बिऱ्हाड हललेलं नाही, पण दारावर आता सहा आहे. गवळ्याच्या वहीत अजून सातच लिहिलंय. तो सातचं दार वाजवतो, तिथे भलताच माणूस.

ग्रबच्या वहीत 'माझ्या फाइली सात नंबरात' असं आहे. आज सात नंबरात स्वॅप आहे आणि स्वॅपमध्ये फाइली नसतात. म्हणून 'अननोन फाइलसिस्टिम', म्हणजे फाइली मांडायची ही पद्धत मला ओळखता येत नाही. सात नंबर उरलाच नसता तर 'नो सच पार्टिशन' आलं असतं. तुमच्या एररवरूनच मला हे सुचलं.

बोरिवलीकरांनी सांगितलेला उपाय चुकीचा नाही. 'फिक्सएमबीआर' तक्त्याला हात लावत नाही, फक्त कोड बदलते. डेटा जात नाही, विंडोज थेट सुरू होते. पण मग मेनू जातो आणि उबुंटूत शिरायला लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून थेट उबुंटू सुरू होतं तो) लागतो. त्याआधी काही न लिहिता, नुसतं बघण्याचा मार्ग आहे.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. रेस्क्यूमध्ये टॅब चालत नाही, प्रत्येक अक्षर हाताने.

आधी फक्त 'सेट' (एस-ई-टी) आणि एंटर. मग 'एलएस' आणि एंटर. काय येतं ते इथे लिहा. या दोन्हींनी डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

अक्षरजुळणी (१२.१५)

'सेट' केल्यावर: प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस७)/बूट/ग्रब, आणि खाली रूट=एचडी०,एमएसडॉस७. तुम्ही म्हणालात तसं सातच आहे!

'एलएस' केल्यावर कंसांची एक ओळ: एचडी०, मग एचडी०,एमएसडॉस७, तसाच ६, ५, २, १. तीन नंबर दिसतच नाही. तो गेला का?

ठाणेकर (१२.१९)

तीन म्हणजे ती हिरवी चौकट. ग्रब चौकट मोजतो पण दाखवत नाही. काही गेलेलं नाही. आता असं करा:

एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/

एलएसनंतर एक स्पेस, आणि शेवटची तिरकी रेघ विसरू नका.

अक्षरजुळणी (१२.२७)

दादा, ६ ला बरीच नावं आली: लॉस्ट+फाउंड, ईटीसी, होम, बूट, व्हार वगैरे. पण मी धीर करून ५ ला पण केलं आणि तिथे 'अननोन फाइलसिस्टिम' आलं. २ ला पण तेच. ५ म्हणजे डी ना? माझे हातपाय गळालेत. पानं गेली का?

ठाणेकर (१२.२९)

नाही गेली! घाबरू नका. रेस्क्यूमधला ग्रब अगदी मोजकं सामान घेऊन आलेला असतो. तुमच्या मशीनवर त्याला फक्त उबुंटूची फाइलसिस्टिम वाचता येते, कारण तेवढंच त्याच्या खिशात आहे. विंडोजची एनटीएफएस वाचायचं मॉड्यूल बूट/ग्रब फोल्डरमध्ये पडलंय आणि तेच फोल्डर त्याला सापडत नाहीये. त्यामुळे १, २, ५ ला तो 'ओळखत नाही' म्हणणारच. डी खराब झाल्याची ही खूण नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, माफ करा.

६ ला नावं आली म्हणजे उबुंटू सापडलं. आता चार ओळी, प्रत्येकीनंतर एंटर:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

'बरोबर'च्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. इन्समॉड म्हणजे आय-एन-एस-एम-ओ-डी. बरोबर गेलं तर ग्रब काहीच बोलत नाही, पुढची ओळ देतो. चौथ्या ओळीला मेनू यायला हवा. आला की विंडोज निवडा आणि डी उघडून बघा.

अक्षरजुळणी (१२.४४)

मेनू आला. विंडोज आली. डी उघडला. ९६ च्या ९६ पानं आहेत. कालची शेवटची दुरुस्ती केलेलं ६१ वं पान उघडून बघितलं, त्यात 'सुश्रूषा'चं 'शुश्रूषा' झालेलं आहे. आई बाजूला उभी होती, तिने देवापुढे साखर ठेवली. काय लिहू दादा. खूप खूप आभार.

ठाणेकर (१२.५०)

फार बरं वाटलं ताई. पण अजून बंद करू नका. आपण केलेला बदल फक्त मेमरीत आहे, पुन्हा चालू केलंत की परत तीच काळी स्क्रीन. पहिलं काम: पूर्ण अंकाचं फोल्डर दोन वेगवेगळ्या जागी कॉपी करा, एक पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क. कॉपी झाल्यावर दोन्हीकडून एकेक पान उघडून बघा.

मग पुन्हा चालू करून त्याच चार ओळी, आणि मेनूतून उबुंटू. टर्मिनलमध्ये आधी 'एलएसबीएलके' करून तुमची ५०० जीबीची डिस्क एसडीए आहे ना ते बघा (पेन ड्राइव्ह काढून ठेवा, म्हणजे गोंधळ नको). मग:

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए

एसडीए६ नाही, नुसतं एसडीए. कोड डिस्कच्या सुरुवातीला जायला हवा, भागाच्या सुरुवातीला नाही. गवळ्याच्या वहीत नवा नंबर लिहायचं काम ही कमांड करते. 'नो एरर रिपोर्टेड' आलं की झालं.

'अपडेट-ग्रब' लगेच करू नका, गरज नाही. मेनूतल्या नोंदी भागाच्या यूयूआयडीवरून (प्रत्येक भागाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून) शोधतात आणि तो बदललेला नाही. शिवाय २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. नवं उबुंटू असेल तर अपडेटनंतर मेनूतून विंडोजच गायब व्हायची. पुढे कधी लागलं तर ईटीसीमधल्या डिफॉल्ट/ग्रब फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घालून मगच करा. मूळ ओळ सगळी मोठ्या लिपीत असते, फक्त फॉल्स लहान.

मी आता बाहेर पडतोय, संध्याकाळी बघतो.

अक्षरजुळणी (३.२५)

दोन्हीकडे कॉपी झाली, तपासली. पण उबुंटू उघडत नाहीये. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं येऊन एक मिनिट तीस सेकंद मोजतं, मग 'इमर्जन्सी मोड' आणि 'प्रेस एंटर फॉर मेंटेनन्स'. पानं सुरक्षित आहेत त्यामुळे सकाळसारखी धास्ती नाही, पण छापखान्याला पीडीएफ मेल उबुंटूवरूनच करायच्या आहेत.

दादर_पश्चिम (३.४०)

ठाणेकर प्रवासात असतील, मी सांगतो. तो ९० सेकंद थांबून कोणाची तरी वाट बघतोय, आणि तो 'कोणी' म्हणजे तुमचा काढून टाकलेला ई ड्राइव्ह. उबुंटूत ई आपोआप उघडावा म्हणून कधीतरी कोणी नोंद करून दिली असेल. अशा नोंदी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असतात. एंटर दाबा, आणि:

नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

त्यात एनटीएफएस शब्द असलेल्या ओळी बघा. एक डी ची, दुसरी ई ची असेल. नेमकी कोणती हे दुसऱ्या रकान्यातल्या फोल्डरच्या नावावरून कळेल. ई च्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाका. ओळ पुसू नका. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग 'रीबूट', आणि परत त्या चार ओळी.

डी च्या ओळीत 'डिफॉल्ट्स' दिसेल, त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' जोडा (एन-ओ-एफ-ए-आय-एल). मग एखाद्या दिवशी डी सापडला नाही तरी उबुंटू अडणार नाही. डेटाच्या भागांना हे नेहमीच असावं असं माझं मत आहे.

अक्षरजुळणी (४.१०)

दोन ओळी होत्या, /मीडिया/काम आणि /मीडिया/जुनं. 'जुनं'पुढे # टाकला. उबुंटू आलं! मग ग्रब-इन्स्टॉल केलं, 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.' आता काहीही टाइप न करता मेनू येतो. दोनदा बंद-चालू करून बघितलं.

पनवेल_हार्बर (४.३२)

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. माझ्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू आहे. एका अपडेटनंतर मेनू न येता थेट विंडोज येते. हेच उपाय चालतील का?

दादर_पश्चिम (४.५०)

नाही, हे इथलं काही करू नका. तुमचं मशीन यूईएफआय आणि जीपीटी या नव्या पद्धतीचं असणार. तिथे पहिल्या सेक्टरमधल्या कोडचा संबंधच नसतो. ईएफआय नावाच्या छोट्या भागात दोन्ही सिस्टिमची फोल्डरं असतात आणि आधी कोण हे मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेलं असतं. बहुतेक फक्त क्रम बदललाय. सेटअपमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर न्या. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, सेटअपमध्ये बदल केले की ती मागितली जाऊ शकते. नाही जमलं तर वेगळा धागा काढा.

अक्षरजुळणी (रविवार, सकाळी ९.०५)

अजून एक विचारते. एफएसटॅबमध्ये 'जुनं' हे नाव वाचल्यापासून मनात टोचत होतं. रात्री आठवलं. ई रिकामा नव्हता. बाबा पूर्वी मुखपृष्ठं हाताने रंगवायचे, त्यांचे स्कॅन मी एका फोल्डरमध्ये ठेवले होते, ४१ चित्रं. मूळ कागद २६ जुलै २००५ च्या पावसात भिजून गेले, तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. ई काढण्याआधी मी उघडून बघितलाच नाही. काही होऊ शकतं का?

ठाणेकर (९.२०)

ताई, विंडोज सुरू असेल तर आत्ता बंद करा आणि डी वर एकही फाइल टाकू नका. भाग काढून टाकला म्हणजे नोंद गेली, आतलं सामान लगेच पुसलं जात नाही. पण ती जागा आता डी ची आहे, त्यामुळे डी वर जे लिहाल ते त्या चित्रांवर पडू शकतं. परवा रात्री तुम्ही पीडीएफ टाकल्यात, तेवढं नुकसान कदाचित झालेलं असेल.

उबुंटूत डी न उघडता टेस्टडिस्क टाका: सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेस्टडिस्क. हे क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचं, हरवलेले भाग शोधून देणारं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. सुडो टेस्टडिस्क, डिस्क निवडा, तक्त्याचा प्रकार 'इंटेल', मग 'अनालाइज', 'क्विक सर्च', आणि ते झाल्यावर 'डीपर सर्च'. ५०० जीबीला बराच वेळ लागेल, चालू ठेवून कामं उरका. जुना ६० जीबीचा एनटीएफएस भाग यादीत दिसला तर त्यावर जाऊन 'पी' दाबा, फाइली दिसतील. फोल्डर निवडून 'सी' ने बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: शेवटी 'राइट' असा पर्याय येतो, तो दाबू नका. जुना तक्ता परत लिहिला तर आजचा मोठा डी मोडेल. आपल्याला फक्त वाचायचंय.

अक्षरजुळणी (रविवार, रात्री १०.४०)

साडेचार तास लागले. ६० जीबीचा भाग यादीत आला, 'पी' दाबल्यावर फोल्डर दिसलं, नावं जशीच्या तशी. ४१ पैकी ३३ चित्रं नीट उघडली. आठ उघडत नाहीत, त्यातली दोन अर्ध्यापर्यंत दिसतात आणि खाली राखाडी पट्टा. १९८७ चं दीपमाळेचं मुखपृष्ठ आलं, तेच बाबांना सगळ्यात आवडायचं. आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली.

'राइट' दाबलं नाही. ३३ चित्रं लगेच दोन ठिकाणी ठेवली.

दादर_पश्चिम (१०.५५)

ती आठ टाकून देऊ नका. अर्धवट फाइलीसुद्धा तशाच जपून ठेवा. फोटोरेक टेस्टडिस्कबरोबरच येतं, अंक छापून गेला की डी वर काही लिहिण्याआधी ते एकदा चालवून बघू. नावं जातात, पण चित्रांचे तुकडे कधी कधी मिळतात.

आणि आज झोपण्याआधी हे करा: सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए, आणि जे छापलं जाईल ते फाइलीत घेऊन पेन ड्राइव्हवर. कितव्या सेक्टरपासून कोणता भाग, हे सगळं त्यात येतं. काही जण नुसता पहिला सेक्टर डीडी कमांडने उतरवून ठेवतात, पण तुमच्या डी आणि उबुंटूच्या नोंदी तिथे नाहीतच, त्या चौकटीच्या आतल्या साखळीत आहेत. म्हणून हा तक्ता हवा.

अक्षरजुळणी (सोमवार, दुपारी १.१५)

तक्ता काढला, छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पानं साडेअकराला छापखान्यात पोचली. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं जोडते आहे, पण फोटोरेकसाठी धागा उघडाच ठेवते.

ठाणेकर दादा, दादरचे दादा, बोरिवलीकर, अंक हातात आला की तुम्हाला एकेक प्रत पाठवायची आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.